पाण्याकडची जागा

पावसानं रताळी जमिनीतच कुजायला लागली होती. मातीतून वर यायची ती अशी मऊ, की उचलताना बोट आत जायचं आणि आंबूस वासाचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचं. शेतात ट्रॅक्टर रुतत होते, शेडमध्ये माल निम्म्यानं येत होता, आणि माल कमी म्हणजे माणसं कमी. रोज सकाळी मुकादम ट्रेव्हर शेडच्या दारात उभा राहून नावं पुकारायचा. ज्याचं नाव आलं तो आत. ज्याचं नाही त्यानं बराकीत जाऊन पत्र्यावरचा पाऊस ऐकत बसायचं.

टोंगा बेटांवरून या परक्या देशातल्या शेतावर हंगामापुरत्या आलेल्या बायकांत कालोलाइने सगळ्यांत थोरली. निघण्याआधी हापाई बेटावरच्या चर्चमध्ये, पोरींच्या आयांसमोर तिनं शब्द दिला होता, "जशा नेते तशा आणून पोचवीन." त्या शब्दापायी तिनं एक नेम धरला होता. हंगाम संपेपर्यंत दुपारच्या सुट्टीआधी पाण्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही. नेम सांगायचा नसतो म्हणून तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तोआकासेला तो कळलाच होता. तोआकासेला सगळंच कळायचं.

त्या दिवशी ट्रेव्हरनं पहिलं नाव पुकारलं ते लुपेचं.

"घ्या! कबुतर उडालं पहिलं," तोआकासे मागून म्हणाली. लुपे म्हणजे त्यांच्या भाषेत कबुतर. "हात चालतो गोगलगायीसारखा, पण नाव रोज पहिलं. आमच्या अंगाला काय काटे आहेत का गं?"

बायका हसल्या. लुपे मान खाली घालून आत गेली. कालोलाइनेच्या थोरल्या भावाची पोर. हाडापेरानं आत्यावर गेलेली, रुंद खांद्यांची. हल्ली जेवताना ताटातला कसाव्याचा उकडलेला कंद नुसता चिवडायची. घरची आठवण येत असेल, असं कालोलाइनेनं मनाशी धरलं होतं. कालोलाइनेचं नाव पुकारलं गेलं. तोआकासेचं त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी आलं.

शेडमध्ये धुण्याचं मोठं पिंप घरघरत फिरायचं. मातीनं माखलेली रताळी त्यात पडायची आणि लालचुटूक होऊन पट्ट्यावर यायची. पट्ट्याच्या एका कडेला बायका ओळीनं उभ्या राहून कुजकी, फुटकी वेचून टाकायच्या. पिंपाच्या तोंडाशी जी जागा, तिथं थंड पाण्याचा मारा सारखा छातीवर यायचा. बोटं बधिर व्हायची, दुपारपर्यंत नखं निळी पडायची. ती जागा कालोलाइनेची. थोरल्या माणसानं अवघड जागा धरायची, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. ती तिथं उभी राहत आली होती, एवढंच. बाकीच्यांच्या पाठीमागं खोक्यांच्या राशी होत्या, आणि बायका आणि खोकी यांच्यामध्ये एक माणूस अंग चोरून जाईल एवढी बोळ.

लुपे तिच्याजवळ आली. नजर पायांवर.

"आत्या, आज तुमच्या जागी मी उभी राहू?"

ओळीतल्या बायकांचे हात थांबले. आत्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, आत्याचं उरलेलं खायचं नाही, तिच्यापुढं मोठ्यानं बोलायचं नाही, हे त्यांच्यात पोर रांगायला लागायच्या आधी शिकतं. आणि ही आत्याची जागाच मागत होती.

"अगंबाई! लाडकी आता गादीच मागायला लागली," तोआकासे म्हणाली. "आणि ते एप्रन उलटं का बांधलंयस? पोट मागं गेलं का काय?"

खरंच, लुपेनं ते जाडजूड रबरी एप्रन मागच्या बाजूला सोडून नाड्या पोटावर आवळल्या होत्या. ओळभर हशा पिकला. कालोलाइनेही हसली. हसली, आणि मनातून थोडी दुखावली.

"राहा बाई," ती म्हणाली. "थंडी वाजली की कळेल गादी कशी असते ती."

लुपे चटकन पिंपाशी जाऊन उभी राहिली, पाठ मागच्या टाकीला टेकवून. तिच्या मागं बोळ नव्हती. नुसती भिंतीसारखी टाकी. कालोलाइने ओळीतल्या लुपेच्या जागी येऊन वेचायला लागली.

वारा पावसाला आडवा आत आणत होता. सगळ्यांनी पिवळे रेनकोट घालून टोप्या कपाळापर्यंत ओढलेल्या. पाठीमागून कुणी कुणाला ओळखलं नसतं. पट्टा सरकत होता. चांगलं, चांगलं, कुजकं, चांगलं. कालोलाइने ओठांतल्या ओठांत स्तोत्र म्हणत होती, रोज म्हणायची तसं.

मागं खोकी सरकल्याचा आवाज झाला. मग तिच्या कमरेखाली एक हात टेकला. धक्का लागतो तसा नाही. टेकला, आणि तिथंच थांबला. कानाशी ऊन श्वास आला, "आज नीट जागेवर आहेस. शहाणी पोर."

कालोलाइने वळली. टोपीखालचा तिचा चेहरा बघून ट्रेव्हरचा हात पोळल्यासारखा मागं गेला.

"सॉरी, मदर. पाय घसरला. फरशी ओली आहे."

"काही नाही, बॉस," कालोलाइने म्हणाली. आणि हसली.

तो गेला. पट्टा सरकत राहिला, आणि तिच्या हातून एक कुजकं रताळं चांगल्यात गेलं, मग दुसरं. आपण हसलो. आपण काही नाही म्हणालो. पन्नाशीला आलेली, चर्चच्या बायकांची पुढारीण, जिच्या शब्दाबाहेर भावाची पोरं जात नाहीत अशी बाई, आणि तोंडातून शब्द निघाला तो असला. मग त्या पोरीच्या तोंडातून कुठला निघणार होता? तिनं पिंपाकडं बघितलं. पाण्याच्या माऱ्यात लुपे ताठ उभी होती. तिचे ओठ निळे पडले होते, पण कितीतरी दिवसांनी तिचे खांदे खाली उतरले होते.

उलटं बांधलेलं एप्रन. रोज पहिलं येणारं नाव. आणि गादी म्हणून आपण हसलो होतो.

दुपारच्या सुट्टीत जेवणाच्या खोलीत जॅनीनबाई आल्या. मजूर पुरवणाऱ्या कंपनीच्या या बाई, कामगारांची विचारपूस करायला अधूनमधून शहरातून गाडी घेऊन यायच्या. भिजलेल्या केसांनी त्यांनी टेबलावर मोठा केक ठेवला. दुभाष्या म्हणून नेहमीप्रमाणं पेनिसिमानी उभा राहिला. फोर्कलिफ्ट चालवणारा हा पोरगा सगळ्यांत चांगलं इंग्रजी बोलायचा. कालोलाइनेच्या धाकट्या भावाचा. म्हणजे लुपेचा चुलतभाऊ. पण त्यांच्यात चुलत असा शब्दच नाही, भाऊ म्हणजे भाऊ. आणि भावा-बहिणीत बोलण्याची मर्यादा पाळायची ती अशी, की एका खोलीत बसून सिनेमासुद्धा बघायचा नाही, न जाणो एखादं तसलं दृश्य आलं तर.

दारात ट्रेव्हर चहाचा कप घेऊन टेकला होता.

जॅनीनबाईंनी विचारलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. कालोलाइनेचं इंग्रजी मोडकं होतं, पण हे तिला लख्ख कळलं. "कामावर कुणी तुमच्या अंगाला नको तिथं हात लावतं का? घाणेरडं बोलतं का? त्याच्या बदल्यात कामाचं आमिष दाखवतं का?"

पेनिसिमानीच्या मानेवर लाली चढली. समोरच्या बाकावर लुपे बसली होती. त्यानं खिडकीकडं तोंड केलं आणि म्हणाला, "बाई विचारतात, कामावर सगळं ठीक आहे ना? कुणाला काही कमी-जास्त?"

"ठीक आहे, ठीक आहे. मालो, मालो," सगळे म्हणाले. मालो म्हणजे आभार. बाई इतक्या पावसातून आलेल्या, ते तर मानायलाच हवेत.

मग पाटीएवढ्या टॅबचा पडदा हातोहात फिरला. त्यावर तीन चेहरे. हसरा, मधला आणि रडका. तुम्हाला इथं कसं वाटतं तो चेहरा दाबायचा. लुपेनं हसरा दाबला. तोआकासेनं हसरा दाबून वर बाईंना डोळाही मिचकावला. पाहुणीच्या तोंडावर रडकं तोंड दाखवायचं म्हणजे आई-बापांनी काही वळण लावलं नाही असंच झालं.

पाटी कालोलाइनेकडं आली. रडक्या चेहऱ्यावर बोट न्यायचं म्हणून तिनं हात उचलला. शेजारी पेनिसिमानी होता. त्याला कळलं तर तो मुकादमाच्या अंगावर जाणार, भावाला ते चुकत नाही. मग पोलीस, मग पोराची परत पाठवणी. पुढच्या हंगामाला गावातलं कुणीच बोलावलं जाणार नाही. दारातून ट्रेव्हर तिच्याकडंच बघत होता. बोट खाली आलं ते हसऱ्यावर.

"व्वा!" जॅनीनबाई पडदा बघून म्हणाल्या. "एकही तक्रार नाही. असा आनंदी गट मला दुसरा नाही मिळाला!"

त्या सामान आवरायला लागल्या. केकचे तुकडे वाटले गेले. नेम सुटायची वेळ झाली होती, पण कालोलाइनेच्या हातातला तुकडा हातातच राहिला. तोंडानं दगा दिला होता, बोटानंही दिला होता. आता बाई गाडीत बसल्या की पुढची खेप कधी, देव जाणे.

ती उठली.

"पेनिसिमानी, बाईंना सांग. बराकीत नळ गळतोय. येऊन बघा म्हणावं."

नळ खरंच गळत होता. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"नळ मी बघतो, मदर," पेनिसिमानीनं ते इंग्रजीत सांगताच ट्रेव्हर दारातून म्हणाला.

"नको, बॉस. बायकांची खोली आहे." ती या खेपेला हसली नाही. "लुपे, तोआकासे, चला गं. बादली हलवायला माणसं लागतील."

पावसातून सगळे बराकीकडं निघाले. पेनिसिमानी डोक्यावर पोतं धरून पुढं होता. बायकांच्या निजायच्या खोलीच्या पायरीशी आला आणि थांबला. बहीण जिथं निजते तिथला उंबरा भाऊ ओलांडत नाही. मेला तरी नाही.

"आत्या," तो हळूच म्हणाला. "बाईंनी विचारलं ते मी पुरतं सांगितलं नाही."

"मला ठाऊक आहे."

"तोंडात शब्दच येईना. समोर..." त्यानं नाव घेतलं नाही.

"नाहीच यायचा. तुझी चूक नाही, तुला तिथं उभं करणाराची आहे."

त्यानं आत्याकडं बघितलं. काहीतरी त्याच्या ध्यानात येत होतं, आणि ते येऊ नये म्हणून तो धडपडत होता. जबडा आवळला गेला. "मी काही विचारायचं का?"

"नाही. इथं पायरीवर बस. कुणाला वर येऊ देऊ नकोस. आत्याचा शब्द आहे."

आत्याचा शब्द म्हटल्यावर वाद नव्हता. तो दाराकडं पाठ करून बसला. आत बोलणं सुरू होण्याआधीच त्यानं मोठ्यानं स्तोत्र धरलं. आपल्या कानांवर काही पडू नये म्हणून. सूर पार वरचा लागला होता आणि मध्येच फाटत होता.

"तुमचा नळ कुठाय?" जॅनीनबाईंनी विचारलं.

"नळ तिथं. थेंब थेंब. तो मग," कालोलाइने आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली. खाटेवर बसली आणि लुपेला शेजारी ओढून बसवलं. आत्याच्या मांडीला मांडी लावून बसायची पोरीची ही पहिलीच वेळ असावी. ती आकसली. "आधी मी माझं सांगते. आज. मुकादम. हात." तिनं उठून जागा दाखवली. सगळ्यांदेखत, परक्या बाईपुढं. कानशिलं तापली. "मी बोलले, काही नाही बॉस. मी हसले. हे बघा, असं." आणि तिनं ते हसू करून दाखवलं.

जॅनीनबाईंनी हातातली पाटी खाटेवर उपडी ठेवली. बाहेर पेनिसिमानी दुसरं कडवं ओरडत होता.

तोआकासेनं नाक ओढलं. आज तिच्या तोंडात थट्टा नव्हती. "मला गेल्या महिन्यात. मी त्याच्या बोटांवर भरलेलं खोकं ठेवलं. तेव्हापासून माझं नाव आलं ते आज." मग लुपेकडं वळून ती म्हणाली, "आणि मी तुला लाडकी म्हणत होते. जीभ झडो माझी."

लुपे आपल्या सुरकुतलेल्या बोटांकडं बघत होती. आवाज फुटला तो इतका बारीक की कालोलाइनेला वाकावं लागलं. "नाव पहिलं घ्यायचा. मग म्हणायचा, नाव घेतलं ना. मी नको म्हटलं तर... आत्यांचं नाव घेणार नाही म्हणाला. सगळ्यांना परत पाठवीन म्हणाला. म्हणून मी जागा मागितली. आत्या, तुमची जागा मागायला नको होती."

कालोलाइनेनं तिचं डोकं आपल्या खांद्याशी धरलं, आणि तसंच धरून बाईंना एकेक वाक्य सांगितलं. शब्द सापडेना तिथं हातानं, हातानं जमेना तिथं नुसती थांबली.

जॅनीनबाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "मग सगळ्यांनी हसरा चेहरा का दाबला?"

"तुम्ही पाहुण्या," कालोलाइने म्हणाली. "केक आणला."

बाईंनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, "मी आज हे वर नेणार. पोरीचं नाव न सांगता नेता येईल तेवढं नेईन. पण त्याला अंदाज येणारच नाही, असा शब्द देत नाही. खोटा शब्द मला द्यायचा नाही. आणि लुपेला आजच दुसऱ्या शेतावर हलवता येईल. तिथं ती सुरक्षित राहील."

कालोलाइनेनं ते लुपेला सांगितलं. पोरीनं आत्याचा हात घट्ट धरला. मान हलली, नाही अशी.

"बाई," कालोलाइने म्हणाली, "पट्ट्यावर कुजकं दिसलं, आम्ही काय करतो? कुजकं काढतो. चांगलं काढून दुसऱ्या खोक्यात नाही टाकत."

दुसऱ्या दिवशी शेडच्या दारात ट्रेव्हर नव्हता. शेतमालकाची बायको छत्री धरून उभी होती. नावं तिला उच्चारता येईनात. तोआकासेला ती टोस्ट-काहीतरी म्हणाली, आणि हसायचं की नाही ते कुणाला कळेना. नावं नेहमीपेक्षा कमी आली. गडी माणसं संध्याकाळी कावा, म्हणजे मुळ्यांचं गुंगीचं पेय, पिताना कुजबुजायला लागली. कुणी काय केलं? कुणाच्या जिभेला हाड नाही? आपला हंगाम कशाला बुडवता? बायका चुलीपाशी खाली मान घालून भांडी घासत राहायच्या. कालोलाइने आली की पुरुषांची कुजबुज थांबायची, आणि थांबलेली कुजबुज जास्त टोचायची. तिची प्रार्थना लांबत गेली. झोपेत लुपे दचकायची, आणि बाहेर गाडीचा आवाज आला की तोआकासे उठून दाराची कडी बघायची. पेनिसिमानी फोर्कलिफ्ट असा चालवायचा की खोक्यांचे कोपरे फुटायचे. एकदा त्यानं आत्याला वाटेत गाठलं.

"तो गेला तो कशासाठी, ते मी विचारत नाही," तो म्हणाला.

"नको विचारूस."

"पण तो परत दिसला, तर मी काय करायचं एवढं सांगा."

"स्तोत्र म्हणायचं," कालोलाइने म्हणाली. "आणि या वेळी सुरात म्हण. आत आमचे कान गेले होते."

तो हसला नाही. पण त्याच्या मुठी सुटल्या.

जॅनीनबाई परत आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर शहरातली एक टोंगन नर्स होती, दुभाषीण म्हणून. बायका एका खोलीत, पुरुष दुसऱ्या. हसरे-रडके चेहरे आणले नव्हते, केकही नव्हता. तो मूळ प्रश्न, पुरा, त्यांच्या भाषेत, बाईच्या तोंडून पहिल्यांदा विचारला गेला. मग मागच्या बाकावरची एक अबोल बाई उभी राहिली. मग आणखी एक.

जाताना जॅनीनबाई कालोलाइनेशी गाडीजवळ बोलल्या. ट्रेव्हर आता इथं येणार नाही. हंगामाची बोलावणी कुणाचीही थांबणार नाहीत, हे त्यांनी कंपनीकडून लिहून घेतलं होतं.

"इथं येणार नाही," कालोलाइने म्हणाली. "मग तो कुठं जाणार? दुसरीकडं असाच पट्टा. अशाच बायका. त्यांच्या मागं बोळ."

जॅनीनबाईंनी गाडीच्या दारावर हात ठेवला आणि तो तिथंच राहिला. "ते माझ्या हातात नाही," त्या म्हणाल्या. "पण मी विचारत राहीन."

कालोलाइनेनं मान हलवली. समाधान झालं म्हणून नाही. बाई एवढं तरी खरं बोलल्या म्हणून.

पाऊस हटला. माती कोरडी पडायला लागली तशी टणक रताळी यायला लागली, आणि एका सकाळी सगळ्यांचीच नावं आली. शेडमध्ये लुपे सवयीनं पिंपाकडं निघाली होती. कालोलाइने आधीच तिथं उभी होती.

"माझी जागा," ती म्हणाली. "तुझी तिकडं."

लुपेनं ओळीकडं बघितलं. मागची खोकी पार भिंतीला सारून ठेवली होती, अंगणासारखी मोकळी जागा झाली होती. कुणी सरकवली ते कुणी विचारलं नाही. फोर्कलिफ्ट पलीकडं उभा होता आणि पेनिसिमानी तोंड फिरवून त्याची चाकं उगाच पुसत होता.

लुपे जाऊन उभी राहिली. हात पोटाशी नेऊन तिनं एप्रनची गाठ चाचपली. क्षणभर तशीच थांबली. मग गाठ सोडली, एप्रन पुढं घेतलं आणि नाड्या पाठीवर बांधल्या.

"कबुतराचं पोट आलं गं जागेवर," तोआकासे म्हणाली, पण हळू.

पिंप घरघरलं. पहिला लोंढा कालोलाइनेच्या छातीवर आदळला. पाणी बर्फासारखं होतं. तिनं पाय रोवले, ओठांतल्या ओठांत म्हणायचं ते स्तोत्र या वेळी मोठ्यानं धरलं, आणि ओळीच्या त्या टोकाकडून लुपेचा सूर कधी लागतो त्याची वाट बघत पहिलं कुजकं रताळं उचलून बाहेर टाकलं.